‘बर्नाश’च्या पाटीवर तीन नावं

ल काँके, ब्रेस्तजवळ
९ जानेवारी १९३८

श्रीयुत एमिल पूजाद,
चिटणीस, ‘बर्नाश’ पाणबुडीवरील माजी खलाशांचे मंडळ, तुलाँ

आपलं पत्र आणि सोबतचा पुस्तिकेचा खर्डा पोचला. सहा वर्षांत आपल्याकडून एक अक्षर नाही, आणि आता एकदम चौदा पानं! ‘बर्नाश’ भंगारात निघाली म्हटल्यावर आपल्याला तिच्याबद्दल उमाळा आलेला दिसतो. ती तरंगत होती तेव्हा आपण तिला ‘पत्र्याची शवपेटी’ म्हणायचात, हे मी विसरलेलो नाही.

खर्ड्यात चुका असतील तर कळवा, असं आपण लिहिलंत. कळवतो.

पान तीन. ‘पाण्यावर तिचा वेग चौदा मैलांचा होता.’ कधी? कागदावर असेल. मी सात वर्षं तिच्या इंजिनघरात काढली. डावं इंजिन नीट चाललं आणि वारा मागून असला, तरी ती बाराच्या वर गेली नाही. आपण पुढच्या कप्प्यात टेबलाशी बसून वह्या लिहायचात, आपल्याला तिथून वेग जास्त वाटत असेल.

पान सहा. ‘१९२७ च्या बैरूत सफरीत सर्वांचे मनोधैर्य उत्तम होते.’ त्या सफरीत आपल्याच गावच्या आचाऱ्याने तेलात बुडवलेले शिंपले खायला घातले होते. त्रेपन्न माणसं आणि शौचकूप एक. मनोधैर्य कुठे होतं ते मला चांगलं आठवतं. आम्ही इकडची ब्रेतोन माणसं लोण्यावर वाढलेली. तुम्हा दक्षिणेकडच्यांच्या तेलाने आमचं जे नुकसान केलं, तेवढं युद्धात जर्मनांनीही केलं नसेल.

पान अकरा. हे आपलेच शब्द उतरवतो, म्हणजे मी लिहिले असं उद्या कोणी म्हणायला नको. ‘११ फेब्रुवारी १९३२ रोजी इरवाझच्या समुद्रात सरावाच्या वेळी मागच्या कप्प्यात पाणी शिरले. खलाशी मातुरँ ल बिहान याने हवेची झडप बंद असल्याची खोटी वर्दी दिल्यामुळे तो स्वतः व अन्य तीन खलाशी मृत्यू पावले.’ आणि त्याखाली, त्या तिघांच्या नावाची संगमरवरी पाटी ईस्टरनंतरच्या रविवारी ल काँकेच्या चर्चमध्ये बसणार आणि त्याच दिवशी ही पुस्तिका वाटली जाणार.

तिघांच्या. मेले चौघं, पाटी तिघांची.

मातुरँ माझा मेव्हणा होता. माझ्या बहिणीचा, सोआझिकचा नवरा. आपण त्यांच्या लग्नाला आला होतात आणि एकट्याने दोन माणसांचं जेवला होतात. ती याच गावात राहते, याच चर्चमध्ये जाते. दर रविवारी तिने त्या पाटीसमोर गुडघे टेकावेत आणि नवऱ्याचं नाव तिथे नाही हे वाचावं, अशी आपल्या मंडळाची इच्छा आहे का? चौथं नाव घाला, नाहीतर पाटी तुलाँमध्येच ठेवा आणि तिच्यावर मासे कापा.

आपण पुस्तिकेसाठी मागितलेला ‘बर्नाश’चा फोटो माझ्याकडे आहे. पाठवणार नाही.

गुल्वेन काव्हारेक
माजी यांत्रिक, सध्या शेवंडांचे पिंजरे टाकून जगणारा


२८ जानेवारी १९३८

पूजाद,

‘श्रीयुत’ आणि ‘आपण’ एका पत्रापुरतं पुरे. तू ‘प्रिय मित्र गुल्वेन’ लिहिलंस ते वाचून माझ्या तोंडाची चव गेली.

लिहितोस, ‘ह्या गोष्टीला हात लावू नकोस, तुझ्याच भल्यासाठी सांगतो.’ माझं भलं तुला कधीपासून कळायला लागलं? आणि पुढे, ‘चौकशी समितीने जे लिहिलं तेच मी लिहिलं.’ चौकशी समितीने कशावरून लिहिलं? तुझ्या वहीवरून. बुडीच्या वेळी हातात घड्याळ धरून बोलनळीशी उभा राहणारा तूच होतास. प्रत्येक कप्प्यातून हवेची झडप बंद झाल्याची वर्दी नळीतून यायची, आणि ती तू टिपायचास. ‘मागे बंद, ल बिहान, ३१ सेकंद.’ अक्षर तुझं. फार वळणदार अक्षर आहे.

तू एकटा झोपायचास. वहीवाल्याला स्वतंत्र फळी होती, म्हणून आमच्या मागच्या भागातलं जिणं तुला कळलं नाही. आमच्यात दोन माणसांना एक फळी. मी पहाऱ्यावर असलो की मातुरँ झोपायचा, तो उठला की त्याच्या अंगाच्या उबेत मी. कॉफीचा मग एक, वस्तरा एक, सणाच्या दिवशी घालायचे बूटसुद्धा एकच जोड, कारण आमची मापं सारखी. याला आम्ही जोडी म्हणायचो, आणि जोडीतला एक बोलला की दोघं बोलले. सकाळी धक्क्यावर हजेरी व्हायची. अधिकारी ‘ल बिहान!’ म्हणाला की जो जागा असेल तो ‘हजर!’ म्हणायचा. नवा अधिकारी महिनाभर फणफणायचा, मग गप्प बसायचा. बैरूतला मी दोन दिवस दारूच्या दुकानातून बाहेरच आलो नाही, तेव्हा मातुरँ दोन आवाजांत दोघांची हजेरी द्यायचा. माझा आवाज काढताना नाकात बोलायचा, म्हणे. सगळा धक्का हसायचा.

हे तुला कशाला सांगतोय? कारण तुझ्या चौदा पानांत टाक्या आहेत, तोफ आहे, बिझेर्तच्या बंदरात मंत्रीमहोदय येऊन गेले तेही आहे. मातुरँ फक्त एका ओळीत आहे आणि तीही खोटी वर्दी दिल्याची. त्या माणसाने आयुष्यात कधी झडप उघडी ठेवून पाठ फिरवली नव्हती. घरातून निघताना सोआझिकच्या चुलीचं दारसुद्धा तो दोनदा दाबून बघायचा. ती चिडायची.

त्याचं नाव पाटीवर घाल. दुसरं काही मागत नाही.

गु. काव्हारेक


१३ फेब्रुवारी १९३८

पूजाद,

तर आता धमकी. ‘चौथं नाव घालायचं म्हटलं तर मंडळ कारण विचारेल. मग त्या दिवशी नळीत ऐकलेला आवाज कोणाचा होता, तेही मला सांगावं लागेल. सांगू?’ असं विचारतोस. सहा वर्षांपूर्वी तू माझ्यावर उपकार करून ठेवलास आणि आता त्याची आठवण करून देतोस. मी तुझ्याकडे तो मागितला नव्हता. मी तो नाकारलाही नाही, हे खरं. म्हणून तर तुझं तोंड बघायला नको असं मला वाटतं.

परवा सहावा स्मृतिदिन झाला. पाद्रीबाबांनी प्रार्थनेच्या शेवटी पाटीची बातमी दिली आणि तीन नावं वाचली. सोआझिक चौथं ऐकायला मान वर करून बसली होती. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं.

काल गावच्या धुण्याच्या हौदावर काय झालं ते सांगतो. मी दोर धुवायला तिथेच वरच्या बाजूला होतो. या हौदात झऱ्याचं पाणी वरून खाली वाहतं. वर बसणारीला स्वच्छ पाणी, खाली बसणारीला सगळ्यांचा मळ. कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. मातुरँ गेल्यापासून सोआझिक सगळ्यात खाली, गटाराच्या तोंडाशी बसते. सहा वर्षं. काल ती तिथेही बसायला गेली, तेव्हा मेलानी केमेनेर, जिचा मुलगा झोबिक त्या कप्प्यात गेला, ती म्हणाली, “सोआझिक, आमचं धुणं होऊ दे, मग ये.”

“मी खालीच बसतेय ना, मेलानीमावशी. माझं पाणी तुमच्यापर्यंत कसं येईल?”

“पाण्याचं काय सांगतेस? पाण्याची काळजी तुझ्या नवऱ्याने घ्यायला हवी होती.”

बाकीच्या बायका खाली बघून कपडे आपटत राहिल्या. कोणी हसलं नाही, पण कोणी सरकून जागाही दिली नाही. सोआझिकने टोपली उचलली आणि ओले कपडे तसेच घेऊन निघाली. मी तिच्यामागून गेलो. वळणावर तिने टोपली खाली ठेवली.

“दादा, तू होतास ना तिथे?”

“होतो.”

“मग खरं सांग. मातुरँ विसरला का?”

“मी इंजिनघरात होतो, सोआझिक.”

“ते मी विचारलं नाही. तो विसरला का?”

“घाईत होतं सगळं. माणसाकडून होतं एखादवेळी.”

“त्याच्याकडून होत नसे,” ती म्हणाली. मग टोपली उचलून, “पण तू म्हणतोस तर झालं असेल,” असं म्हणून चालू लागली.

पूजाद, ती माझ्यावर विश्वास ठेवते. आणि म्हणून मला तुझाच आणखी राग येतोय. अपघाताच्या संध्याकाळी ब्रेस्तच्या धक्क्यावर मला बाजूला घेऊन तू म्हणालास, “आवाज मी ओळखला. पण मेलेल्याला कोणी शिक्षा करत नाही. राहू दे.” मोठा शहाणपणा वाटला होता तुला. मेलेल्याला करत नाहीत, खरंय. त्याच्या बायकोला करतात.

थोडं थांब. छापखान्याकडे काही धाडू नकोस. मी लिहितो.

गु. का.


२७ फेब्रुवारी १९३८

पूजाद,

घे, लिहून घे. तुला पाणबुडीचा इतिहास हवा होता ना?

तो नवा कप्तान, ब्रुस्साक, आठवतो? त्याला चाळीस सेकंदांच्या आत बुडी हवी होती. पुढच्या आठवड्यात अ‍ॅडमिरल बघायला येणार होते. त्या सकाळी आमच्या चार बुड्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तू नळीतून आकडा ओरडायचास आणि ब्रुस्साक शिव्या द्यायचा. पाचवीच्या आधी थोडी उसंत मिळाली. मागच्या कप्प्यात तिघं पहारा करून आलेले झोपले होते. मातुरँ त्याच्या झडपेपाशी उभा. मी इंजिनघराच्या दारातून त्याला म्हणालो, “अरे, पुढून कॉफी घेऊन ये. माझे हात तेलाने माखलेत.”

“घंटा झाली तर?”

“झाली तर मी आहे ना.”

तो जाताना झडप लावायचा, नेहमीच. त्या दिवशी लावली नाही, कारण झोपलेल्यांना हवा लागत होती आणि मी म्हटलं होतं, मी आहे. आमचा मग घेऊन तो गेला.

घंटा झाली. नळीतून तुझा आवाज आला, “मागे?” बोलनळी इंजिनघराच्या दाराशी, दोन्ही कप्प्यांना मिळून एक. झडप तिथून आठ पावलांवर. मी आठ पावलं गेलो नाही. जोडीदार नसला की त्याच्या नावाने ‘हजर’ म्हणायची सात वर्षांची सवय होती. मी म्हणालो, “मागे बंद!” धक्क्यावर म्हणायचो तसंच, विचार न करता.

पाणी आलं तेव्हा मातुरँ पुढून पळत आला. मला ढकलून आत शिरला आणि ओरडला, “दार लाव!” मी लावलं. हा नियमच आहे, यात मी चुकलो नाही. त्याने आत ते चाक फिरवलं, बावीस फेरे असतात त्याला, आणि झडप बंद केली. त्याने ती बंद केली म्हणून आपण एकोणपन्नास माणसं आज जिवंत आहोत. तू, मी, ब्रुस्साक, सगळे. तुझ्या पुस्तिकेत हे कुठेही नाही.

आता पुढचं तुलाही ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

शेपूट जड झाली, ती मागून बसत चालली. सगळ्यांनी पुढे पळा, असा हुकूम झाला, तोल सावरायला. इंजिनघरातले बाकीचे दोघं गेले. दाराशी मी एकटा राहिलो. आतून हाक आली. “गुल्वेन, बंद झाली. पाणी छातीपर्यंत आहे. चौघं जिवंत आहोत. दार उघड.” उघडलं असतं तर पाणी इंजिनघरात आलं असतं, गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत. पंप चालू होते. पण कप्तानाच्या हुकमाशिवाय ते दार उघडायचं नसतं. तेवढ्यात नळीतून ब्रुस्साकचाच आवाज आला, “मागे कोणी जिवंत आहे का?”

मला कळलं, हो म्हटलं तर ते बाहेर येतील. बाहेर आल्यावर मातुरँ सगळ्यांदेखत विचारेल, ‘बंद’ म्हणून कोण म्हणालं?

मी नळीत म्हणालो, “आवाज नाही.”

मातुरँ मळसूत्री पाना घेऊन दारावर ठोकत होता. मी नळीचं झाकण लावलं, म्हणजे तुम्हाला पुढे ऐकू जाऊ नये. तो वीस मिनिटं ठोकत होता. मधून मधून माझं नाव घ्यायचा. शिवी एकदाही दिली नाही. मग थांबला. आपल्याला वर यायला पन्नास मिनिटं लागली. पाणी फेब्रुवारीचं होतं, बर्फासारखं.

मी भित्रा आहे, पूजाद. तुला वाटलं तू एका चुकलेल्या मित्राला वाचवलंस. तसा हा मामला नव्हता.

आता खर्डा बदल. पान अकरावर लिही की खोटी वर्दी यांत्रिक गुल्वेन काव्हारेक याने दिली आणि झडप मातुरँ ल बिहान याने बंद केली. पाटीवर चार नावं. मंडळाने मला हाकलावं, नौदलाने पाहिजे ते करावं. हे पत्र पाठवण्याआधी सोआझिकला वाचून दाखवणार आहे. तुझ्याकडून तिला कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. एवढी तरी हिंमत करतो.

गुल्वेन काव्हारेक


२८ फेब्रुवारी १९३८

पूजादसाहेब,

मी मातुरँ ल बिहानची बायको. माझ्या भावाच्या पत्रात हा कागद घालून पाठवते आहे.

काल दुपारी तो आला, टोपी काढून टेबलाशी बसला आणि पत्र वाचायला लागला. कॉफी आणायला त्यानेच पाठवलं होतं, ‘मागे बंद’ तोच म्हणाला, हे सगळं वाचलं. रडला. मी त्याला पाणी दिलं. मातुरँ विसरला नव्हता हे ऐकून मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. सहा वर्षं मी त्या हौदाच्या गटाराशी बसले आणि माझा नवरा विसरला नव्हता. भावाला मारावं असं वाटलं, आणि तो निदान आता बोलला म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटलं.

पण झडप बंद केली इथवर वाचून तो खोकला आणि पान उलटलं. पुढे एकदम ‘आता खर्डा बदल’ सुरू झालं. मी विचारलं, “दादा, मग मातुरँचं काय झालं? काही बोलला का तो?”

“काय बोलणार, सोआझिक? लगेच गेला असणार. त्याला काही कळलंही नसेल.”

जाताना त्याने पाकीट माझ्याकडे दिलं, टपालात टाक म्हणाला. त्याला वाटतं मला नुसती प्रार्थनेची पोथी वाचता येते. मी किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं आणि गाळलेलं पान वाचलं. तीनदा वाचलं.

साहेब, तुमच्यावरही माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पण तुम्ही चिटणीस आहात, छापायचं काम तुमचं. मला पाटीची घाई नाही. मला ते पान छापून हवं आहे, एक शब्द न बदलता. त्यातलं ‘चौघं जिवंत आहोत’ हे नक्की घाला, कारण मेलानीमावशीला आणि दुसऱ्या दोघांच्या घरच्यांना अजून असं सांगितलं जातं की त्यांची मुलं झोपेतच गेली.

गुल्वेनला मी काही बोलले नाही. रोज दुपारी तो माझ्याकडे जेवतो, उद्याही जेवेल. ईस्टरनंतरच्या रविवारी पुस्तिका चर्चमध्ये वाटली जाईल, तेव्हा तो मेलानीमावशीच्या मागच्या बाकावर बसलेला असेल, तीच त्याची जागा आहे. तेव्हा त्याला कळेल.

एकच विनंती. वीस मिनिटं हे अक्षरांत छापा. आकडा छापताना चुकतो.

सोआझिक ल बिहान